क्रूझचं तिकीट स्वस्त का दिसतं, आणि दोन जहाजं एकमेकांशी ताडून कशी पाहायची

गेल्या महिन्यात देवगडच्या मावशीनं व्हॉट्सॲपवर दोन जाहिराती पाठवल्या. दोन्ही सिंगापूरहून निघणाऱ्या तीन रात्रींच्या क्रूझच्या. दोन्हींत तेच निळंशार पाणी, तेच पांढरं जहाज आणि तेच ‘सर्व जेवण समाविष्ट’. फरक फक्त दरात होता, माणशी पंधरा हजारांचा. खाली तिचा प्रश्न: ‘ह्यातली खयची बरी गो?’

कागद घेऊन बसले तर दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, आणि जी महाग वाटत होती तीच शेवटी स्वस्त निघाली. मावशीला फोनवर समजावता समजावता लक्षात आलं की हा घोळ तिच्या एकटीचा नाही. कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ जहाज २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जातंय. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केलं. पाठोपाठ सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या इंदिरा गोदीत वर्षाला १० लाख प्रवाशांसाठी बांधलेल्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. साहजिकच आपल्या कुटुंबांच्या ग्रुपवर अशा जाहिराती आता रोज येतात. निवृत्तीचे पैसे, लग्नाचा वाढदिवस, मुलांची दहावी अशा निमित्तानं लोक लाखभर रुपये भरतात आणि जहाजावर पाऊल ठेवल्यावर त्यांना कळतं की आपण नक्की काय विकत घेतलं. ते आधीच कळावं, म्हणून हा लेख.

## क्रूझमध्ये आपण विकत काय घेतो?

मावशी पन्नास वर्षांपूर्वी देवगडहून मुंबईला बोटीनं जायची. तिच्या पिढीच्या डोळ्यांसमोर बोट म्हटलं की भाऊचा धक्का, डेकवर टाकलेली पथारी आणि फडक्यात बांधलेली दशमी-चटणी येते. त्या बोटीचं काम एकच होतं, माणसाला मुक्कामी पोचवणं. क्रूझ बहुतेक वेळा जिथून निघते तिथेच परत येते. म्हणजे आपण प्रवास विकत घेत नाही. घेतो ते तरंगतं हॉटेल, त्यातलं जेवण, रात्रीचे कार्यक्रम आणि वाटेतल्या दोन-तीन गावांची धावती भेट.

याचं गणित लग्नाच्या हॉलसारखं असतं. हॉलचं भाडं ऐकून आपण खूश होतो. मग कळतं की सजावट त्यांच्याच माणसाकडून करून घ्यायची, केटरर त्यांचाच, जनरेटरचे वेगळे, साफसफाईचे वेगळे, आणि रात्री अकरानंतर तासाला इतके. हॉलवाला फसवत नसतो, भाडं फक्त भिंतींचं असतं. मोठ्या क्रूझ कंपन्यांचंही तसंच. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपनीच्या उत्पन्नातला साधारण ३० टक्के वाटा तिकिटाबाहेरचा असतो. पेयं, कॅसिनो, इंटरनेट, स्पा, सहली वगैरे. तिकीट कमी ठेवून माणूस जहाजावर आणायचा आणि उरलेलं आत वसूल करायचं, हे या धंद्याचं उघड गणित आहे. त्यात लबाडी नाही, पण आपल्याला ते माहीत नसेल तर फटका आपल्यालाच बसतो.

## नावं अनेक, मालक मोजके

कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कोस्टा, क्युनार्ड ही सगळी एकाच कार्निव्हल कॉर्पोरेशनची नावं आहेत. रॉयल कॅरिबियन समूहाकडे सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी आहेत. नॉर्वेजियनच्या समूहात ओशिॲनिया आणि रीजंट येतात. एमएससी ही एका इटालियन कुटुंबाची कंपनी, मालवाहू कंटेनरवर तिचं नाव तुम्ही पाहिलंच असेल. एकाच मालकाची दोन नावं म्हणजे सेवाही सारखीच, असं मात्र समजू नका. एकाच मालकाची खानावळ आणि बँक्वेट हॉल असावा तसं ते असतं. प्रत्येक नाव वेगळ्या गिऱ्हाइकासाठी असतं: एक मुलाबाळांच्या गोंधळासाठी, दुसरं निवृत्त जोडप्यांसाठी. वायकिंगच्या जहाजांवर तर १८ वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. नातवंडांना घेऊन जाणाऱ्यांना ती कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

म्हणून ‘सगळ्यात चांगली क्रूझ कंपनी कुठली’ या प्रश्नाला उत्तर नसतं. कोण जाणार, हे सांगितल्यावरच उत्तर सुरू होतं.

## दर: जाहिरातीतला आकडा कशाचा असतो?

तो जवळजवळ नेहमी ‘एका केबिनमध्ये दोघं’ या हिशेबानं माणशी असतो, आणि सगळ्यात स्वस्त केबिनचा असतो. म्हणजे खिडकी नसलेल्या आतल्या खोलीचा. एकटं जायचं असेल तर रिकाम्या खाटेचे पैसेही आपणच भरायचे, कित्येक ठिकाणी पूर्ण दुप्पट. मावशी एकटी जाणार असती तर तिच्या दोन्ही जाहिराती तिथेच बाद झाल्या असत्या. माझी आई तिच्यासोबत जाते म्हणाली, म्हणून पुढचा हिशेब झाला.

या आकड्यावर काय काय चढतं ते पाहू. पहिलं, बंदर शुल्क आणि कर. बंदरात थांबल्याबद्दल प्रत्येक सरकार माणशी पैसे घेतं, आणि ते वाढतच चाललेत. ग्रीसनं २०२५ च्या उन्हाळ्यापासून सँटोरिनी आणि मिकोनॉसला उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशावर ऐन हंगामात २० युरो लावले. काही कंपन्या हे शुल्क तिकिटात धरून सांगतात, काही पैसे भरायच्या पानापर्यंत वेगळं ठेवतात.

दुसरी गोष्ट टिप, आणि इथे आपले लोक सगळ्यात जास्त चकतात. आपल्याकडे टिप म्हणजे बडीशेपेच्या वाटीत ठेवलेली नोट, मर्जीची गोष्ट. मोठ्या अमेरिकी क्रूझवर ती रोज, माणशी, आपोआप खात्यावर चढते. साध्या केबिनला दिवसाला १६ ते २० डॉलरच्या दरम्यान, आणि बहुतेक ठिकाणी लहान मुलांनाही लागू. १८ डॉलर धरा. चौघांचं कुटुंब, सात रात्री: ५०४ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ४५,३६० रुपये. हे जाहिरातीत कुठेच नसतं.

तिसरं, पेयं. साधं पाणी, चहा, कॉफी बहुधा फुकट असतात, पण सीलबंद बाटली, कोल्ड्रिंक, ताजा रस, मद्य यांचे पैसे पडतात, आणि त्यावर आणखी १८ टक्क्यांच्या आसपास सेवा शुल्क. ‘हवं तितकं प्या’ पॅकेज घ्यायचं तर बऱ्याच कंपन्यांची अट असते की एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी ते घ्यावं. नवरा घेतो आणि बायको शिवतही नाही, अशा घरात हे पॅकेज कधीच परवडत नाही. मग इंटरनेट, तेही उपकरणामागे आणि दिवसामागे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर आपल्याकडे टीसीएस (पॅकेज विकणारा आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरतो तो आगाऊ कर) कापला जातो, पण तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. विसरू नका, पुष्कळ जण विसरतात.

हे सगळं मी पुस्तकी सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं भूमध्य समुद्रातल्या एका क्रूझवर गेलो होतो. जहाजावर पैसे हाताळावे लागत नाहीत, खोलीच्या चावीचं कार्डच सगळीकडे चालतं. तेच कार्ड पाण्याच्या बाटलीला, तेच फोटोला. शेवटच्या दिवशी पहाटे पाच वाजता दाराखालून एक घडी केलेला कागद आत सरकला. खिडकी नसलेली केबिन, मोबाईलच्या उजेडात पलंगाच्या कडेला बसून मी तो वाचला. दोन पानं. पाण्याच्या बाटल्या, त्यावर सेवा शुल्क, दोन फोनचं इंटरनेट, लाँड्रीची एक पिशवी, चौदा जणांची टिप असावी असं वाटणारा पण आम्हा दोघांचाच आकडा, आणि ‘स्टेक रात्र’ नावाची एक ओळ, जी आम्ही दोघांनी मासे खाऊन साजरी केली होती. चूक कुठेच नव्हती. प्रत्येक ओळीखाली आमची सही होती. पण तिकिटात जे वाचवलं म्हणून आम्ही दोन महिने सगळ्यांना सांगत होतो, ते त्या दोन पानांत विरघळलं.

तेव्हापासून माझा एकच आकडा ठरलेला आहे: माणशी, दर रात्री, सगळं धरून. मावशीच्या जाहिराती त्या मापानं मोजल्या. गोल आकड्यांत सांगते. पहिलीचं भाडं ४० हजार, त्यावर बंदर शुल्क नि कर १० हजार, टिप ५ हजार, इंटरनेट ३ हजार. झाले ५८. दुसरीचं भाडं ५५ हजार, त्यात हे सगळं आत. तीन रात्रींनी भागलं तर पहिली १९ हजारांच्या वर, दुसरी १८ हजारांच्या थोडी वर. विमानाचं तिकीट आणि व्हिसा दोन्हींना सारखाच, म्हणून तो हिशेबाबाहेर ठेवला.

## ‘पण एजंटनं सगळं इन्क्लुडेड सांगितलंय’

त्याला एकच करायला सांगा: काय काय समाविष्ट *नाही*, त्याची यादी लिहून द्या म्हणा. तोंडी नको. ‘सर्व जेवण समाविष्ट’ याचा अर्थ बहुधा बुफे आणि मुख्य डायनिंग हॉल एवढाच असतो. खरोखरच सगळं आत धरणाऱ्या कंपन्या आहेत. रीजंटच्या तिकिटात टिप, मद्य आणि बंदरावरच्या पुष्कळशा सहलीसुद्धा येतात. वायकिंग प्रत्येक बंदरात एक सहल, जेवणासोबतची वाइन आणि इंटरनेट तिकिटात देते. त्यांचे दर ऐकून धडकी भरते, पण तुलना करायचीच तर दोन्हीकडची पूर्ण बेरीज मांडून करा. दारू न पिणाऱ्या, सहली स्वतः ठरवणाऱ्या माणसाला तरीही साधी क्रूझच स्वस्त पडते. जे आपण वापरणार नाही, ते फुकट मिळालं म्हणून स्वस्त होत नाही.

## मोठं जहाज म्हणजे जास्त मोकळं?

जाहिरातीत ‘अडीच लाख टनांचं जहाज’ असं लिहिलेलं असतं. हे वजन नसतं. ‘ग्रॉस टनेज’ म्हणजे जहाजाच्या आतल्या एकूण बंदिस्त जागेचं माप, घराच्या चौरस फुटांसारखं. घर दोन हजार फुटांचं असेल पण राहणारे वीस जण असतील, तर ते मोकळं म्हणाल का? म्हणून टनेजला प्रवासीसंख्येनं भागायचं. जो आकडा येईल तो तुमच्या वाट्याची मोकळीक दाखवतो. तिसावर दाटी जाणवते, पन्नासावर ऐसपैस वाटतं.

रॉयल कॅरिबियनचं २०२४ मध्ये आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ २,४८,६६३ ग्रॉस टनांचं. केबिनमागे दोघं धरली तर ५,६१० प्रवासी. भागाकार ४४. सिंगापूरहून निघणारं ‘गेंटिंग ड्रीम’ दीड लाख टनांचं, सुमारे ३,३५० प्रवाशांचं. भागाकार ४५. म्हणजे आयकॉन आकारानं दीडपटीहून मोठं असूनही तुमच्या वाट्याला जागा तेवढीच. वर आयकॉन पूर्ण भरलं, म्हणजे प्रत्येक सोफ्यावर मूल झोपलं, तर त्यावर ७,६०० प्रवासी मावतात आणि तोच आकडा ३३ वर येतो. मे महिन्यात आणि दिवाळीत सगळे कुटुंबासह जातात, तेव्हा नेमकं हेच होतं.

याहून बोलकी एक जोडी. कॉर्डेलियाचं एम्प्रेस १९९० साली बांधलेलं, साधारण ४८,५०० टनांचं, दोघं-दोघं धरून १,६०० प्रवाशांचं. २०१५ चं वायकिंग स्टार जवळपास तेवढ्याच टनांचं आहे, पण त्यात प्रवासी फक्त ९३०. भागाकार ३० आणि ५१. दोघांच्या तिकिटात इतकं अंतर का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. दोन रात्रींच्या मुंबई-गोवा फेरीला ३० मुळीच अडचण करत नाही. नाचगाण्यासाठी गेलेल्याला गर्दी हवीच असते. पण चौदा रात्री काढायच्या असतील तर लिफ्टसमोरच्या रांगा, पोहण्याच्या तलावाकाठी खुर्चीवर सकाळी सातलाच टाकून ठेवलेले टॉवेल, हे सगळं या एका आकड्यातून आधीच दिसतं.

## सेवा: तुमच्यामागे किती माणसं राबतात?

प्रवासीसंख्येला कर्मचाऱ्यांच्या संख्येनं भागा. आयकॉनवर २,३५० कर्मचारी, म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे जवळपास अडीच प्रवासी. रीजंटच्या ‘सेव्हन सीज एक्सप्लोरर’वर ७५० प्रवाशांना साडेपाचशे कर्मचारी, म्हणजे दीडहून कमी. वेटरला तुमचं नाव दुसऱ्या दिवशी आठवतं की सहाव्या, ते यावर ठरतं.

आणि ही माणसं कोण असतात? जगभरच्या क्रूझ जहाजांवर फिलिपिनो, इंडोनेशियन यांच्याबरोबर भारतीय पुष्कळ, आणि त्यांत गोव्याचे नि मुंबईचे तर पिढ्यान्‌पिढ्या. गोव्यात ‘तारवटी’ म्हणजे बोटीवर काम करणारा, हा शब्द घरोघरी आहे. सासष्टीतली कितीतरी घरं तारवटीच्या पैशावर उभी राहिली. सहा ते नऊ महिन्यांचा करार, त्यात आठवड्याच्या सुट्टीसारखी सुट्टी नाही. केबिन साफ करणारा, ताट उचलणारा यांच्या मिळकतीचा मोठा भाग त्या आपोआप कापल्या जाणाऱ्या टिपेतून येतो. काही कंपन्यांच्या काउंटरवर जाऊन ती काढून टाकता येते, आणि तसं करण्याच्या ‘युक्त्या’ आपल्या लोकांत अभिमानानं सांगितल्या जातात. कृपा करून हे करू नका. टिप तिकिटाचाच भाग समजून घरून निघतानाच हिशेबात धरा. नकोच असेल तर टिप भाड्यातच धरणारी कंपनी निवडा, पण राबणाऱ्याच्या हातातली काढू नका.

## जेवण: किती मिळतं आणि काय मिळतं?

जेवणाच्या तीन जागा असतात. बुफे, मुख्य डायनिंग हॉल, आणि जादा पैशांची खास रेस्टॉरंट. पहिली दोन तिकिटात. बुफेला जेवलं म्हणजे सगळं जेवण पाहून झालं असं समजून बरेच जण डायनिंग हॉलकडे फिरकतच नाहीत. तिथे टेबलावर बसवून वाढतात, पदार्थ ताजे येतात आणि पैसे तेच. पहिल्या रात्री जाऊन तिथल्या मुख्य वाढप्याला सांगितलं की आम्ही कांदा-लसूण खात नाही किंवा डाळभात लागतो, तर दुसऱ्या रात्रीपासून तो तसं करून आणतो. भारतीय स्वयंपाकी बहुतेक जहाजांवर असतातच. पण हे आधीच, तिकीट काढताना लेखी कळवा. समुद्रात जहाज असताना भाजीवाला येत नाही.

शाकाहारी आणि जैन जेवणात सरळ फरक दिसतो. मुंबईहून आणि सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर निम्मी गर्दीच भारतीय असू शकते, तिथे जैन जेवणही मिळतं. भूमध्य समुद्रात किंवा अलास्काला ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे पास्ता, सॅलड आणि भाजलेली वांगी. चार दिवस मजा, सातव्या दिवशी पोटाला वरण आठवतं. माझ्या मते आई-वडिलांना पहिल्यांदा पाठवत असाल तर जेवणाला दरापेक्षा जास्त गुण द्या. म्हातारं माणूस खोलीची खिडकी लहान असली तर सहन करतं, आठवडाभर परकं जेवण नाही.

स्वच्छतेचं माप घ्यायचीही एक जागा आहे. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या परदेशी फेऱ्यांच्या जहाजांची तिथली रोगनियंत्रण संस्था सीडीसी न सांगता तपासणी करते आणि १०० पैकी गुण जाहीर करते. ८५ किंवा त्याखाली म्हणजे नापास. पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथी कुठल्या जहाजावर झाल्या, तेही तिथे कळतं. आपल्या मार्गावरचं जहाज आधी अमेरिकेत फिरत असेल तर त्याचे जुने गुण जरूर पाहा.

## बंदर: नाव एका गावाचं, धक्का दुसऱ्याच गावी

माझ्या दृष्टीनं तुलनेतली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित बाब ही. जाहिरातीत लिहिलेलं असतं ‘रोम’. रोमला समुद्रच नाही. जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, तिथून पॅरिस दोनशे किलोमीटर. ‘बँकॉक’ म्हणजे लाएम चबांग, सव्वाशे किलोमीटर आणि वर बँकॉकची वाहतूक. ‘क्वालालंपूर’ म्हणजे पोर्ट क्लांग. व्हेनिसनं तर ऑगस्ट २०२१ पासून मोठी जहाजं शहरासमोरच्या कालव्यातून बंद केली, आता बऱ्याच ‘व्हेनिस’ क्रूझ राव्हेन्नाला लागतात. मुंबई दाखवतो म्हणून पाहुण्याला पुण्याला उतरवावं, तसं हे झालं.

म्हणून बंदराचं खरं नाव आणि तिथे थांबायचे तास, हे दोन्ही पाहा. ‘सकाळी आठ ते संध्याकाळी सहा’ यातले उतरण्या-चढण्याचे दोन तास वजा करा, जाण्या-येण्याचे वजा करा. पॅरिसचे हातात उरतात तीन-चार तास. आयफेल टॉवरच्या रांगेतच ते संपतील.

दुसरी गोष्ट ‘टेंडर’. बंदर उथळ असलं किंवा मोठ्या जहाजाला लागायला धक्काच नसला की जहाज बाहेर पाण्यात उभं राहतं आणि छोट्या बोटींनी लोकांना किनाऱ्यावर नेतात. मावशीला हे समजवायला एक वाक्य पुरलं: देवगडला बोट बाहेर थांबायची आणि पडावातून चढायचो, तसंच. सँटोरिनीला असंच उतरावं लागतं, आणि वर गावात जायला केबल कारची रांग नाहीतर जवळपास सहाशे पायऱ्या. लक्षद्वीपलाही छोट्या बोटीच. समुद्र खवळलेला असेल तर उतरणं रद्द होतं आणि त्याबद्दल कोणी भांडूही शकत नाही. गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसासाठी तिकीट काढताना प्रत्येक बंदराला हा प्रश्न विचारा: जहाज धक्क्याला लागतं, की टेंडर?

## सहल जहाजाची घ्यावी, की आपली आपण फिरावं?

जहाजाची सहल महाग असते, कधी कधी बाहेरच्या दुप्पट. पण त्यात एक विमा दडलेला असतो. त्यांची बस वाटेत अडकली तर जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी ते घेतात. तुम्ही स्वतः टॅक्सी केली आणि उशीर झाला, तर जहाज निघून जातं. एसटीच्या थांब्यावर कंडक्टर डबल बेल मारण्याआधी डोकावून तरी पाहतो. बंदरात प्रत्येक तासाचं भाडं असतं, तिथे कोणी डोकावत नाही. मग पुढचं बंदर, विमान, हॉटेल, सगळं स्वखर्चानं. आणि पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत राहिला असेल तर विचारूच नका. उतरताना तो सोबत घ्यावा की जहाजाच्या कार्यालयाकडे आहे, हे रोज विचारून घ्या.

माझा स्वतःचा नियम सोपा आहे. बंदरापासून गाव चालत किंवा अर्ध्या तासावर असेल तर आपलं आपण, उदाहरणार्थ पेनांगचं जॉर्जटाऊन. त्याहून लांब असेल तर जहाजाची सहल. घड्याळाचाही गोंधळ होतो: जहाजाची वेळ आणि गावाची वेळ वेगळी असू शकते, आणि मोबाईल आपोआप गावाची वेळ धरतो. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेला लावा.

व्हिसाही इथेच आडवा येतो. सिंगापूरहून निघून सिंगापूरला परत येणं म्हणजे त्या देशात दोनदा प्रवेश. युरोपात वाटेत तुर्कस्तान किंवा ब्रिटनचं बंदर असेल तर शेंगेनमधून, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर पडून पुन्हा आत येणं. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर निघण्याच्या काउंटरवरच परत पाठवतात. व्हँकुव्हरहून अलास्काला जायचं तर कॅनडा आणि अमेरिका, दोन्ही व्हिसे हवेत.

## बोट लागली तर?

मराठीत ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचारच आहे, यावरून आपल्या आज्या-पणज्यांनी किती सोसलं ते कळतं. आजची मोठी जहाजं बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर लावून डुलणं पुष्कळ कमी करतात. सी-सॉची टोकं जास्त हलतात, मधली जागा कमी. तसंच जहाजाचं. खालच्या मजल्यावरची, लांबीच्या मध्यावरची केबिन सगळ्यात स्थिर. सगळ्यात वरची बाल्कनीवाली, अगदी टोकाची केबिन महागही असते आणि डुलतेही जास्त. पावसाळ्यात अरबी समुद्र काय करतो हे आपल्याला सांगायला नको, आणि एम्प्रेसचा मुक्कामही त्या दिवसांत पूर्वेकडे, चेन्नईच्या बाजूला असतो. ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत अरबी समुद्र बहुधा शांत असतो.

एक गोष्ट मात्र टाळू नका: प्रवास विमा. जहाजावर दवाखाना असतो, पण तो खासगी दरानं आणि डॉलरात. गंभीर आजारात हेलिकॉप्टर किंवा जवळच्या बंदरात उतरवण्याचा खर्च प्रवाशावर येतो. ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ हे शब्द पॉलिसीत आहेत का, ते स्वतः वाचा.

## मग मावशीचं काय ठरलं?

सगळं मांडून झाल्यावर आई आणि मावशी दोघी फोनवर अर्धा तास बोलल्या. मी स्पीकरवर ऐकत होते. एकीला गुडघ्याचा त्रास, दुसरीला वरणभात लागतो, दोघींना इंटरनेट नको, मद्य नको, आणि पन्नास वर्षांत समुद्रावर रात्र काढलेली नाही. सिंगापूर पुढच्या वर्षी, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. आधी मुंबई-गोवा, दोन रात्री, जानेवारीत. सगळे कर धरून आलेला आकडा मी लेखी मागवला, केबिन मधल्या भागातली घेतली, जेवणाबद्दल ईमेल केला.

पैसे भरून झाल्यावर संध्याकाळी मावशीचा पुन्हा फोन. बाहेरचा शिजवलेला डबा चालत नाही हे तिला मी सांगितलं होतं, त्यावर तिचं काही म्हणणं नव्हतं. तिला वेगळंच विचारायचं होतं. देवगडच्या बोटीत चढताना तिची आई तिच्या मुठीत एक लिंबू द्यायची, मळमळलं की हुंगायला.

‘लिंबू नेवक देतत मां गो?’

मी आज सकाळीच विचारणा केली आहे. अजून उत्तर यायचंय.